९४४ कुठल्या वर्गात?

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाला पावसाचा एक आकडा पाठ असतो. २६ जुलै २००५ च्या पावसात सांताक्रूझच्या वेधशाळेने २४ तासांत ९४४.२ मिलीमीटर पाणी मोजलं. त्याच २४ तासांत कुलाब्याला पडले ७३.४ मिलीमीटर. शहर एकच, पण आकड्यांत जवळजवळ तेरापट फरक.

पावसाच्या दिवसांचा आयतालेख, म्हणजे हिस्टोग्राम, काढायचा, तर हा ९४४.२ कुठल्या वर्गात बसवायचा, यावरून माझा आणि माझ्या आत्याचा वाद आहे. आत्या मुलुंडच्या एका मराठी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाली. अजूनही शेजारची दहावीची मुलं वह्या घेऊन तिच्याकडे येतात. जून ते सप्टेंबर रोज सकाळी पेपरातले कुलाबा-सांताक्रूझचे आकडे वहीत उतरवून ठेवायचा तिचा जुना नेम आहे. मी अंधेरीला डेटाचं काम करतो. तिच्या वह्या मी बसून फाइलीत उतरवल्या आणि तिथून वादाला तोंड फुटलं. आमच्यात जे बोलणं झालं ते इथे मांडतो आहे, कारण तिचं म्हणणं मला पूर्ण पटलेलं नाही आणि ते सोडूनही देता येत नाही.

“तुझं ते काळ्या पडद्यावरचं करतं काय, ते आधी सांग,” आत्या म्हणाली.

“फाइलीत तीन रकाने आहेत. पहिला तारखेचा, दुसरा कुलाब्याचा, तिसरा सांताक्रूझचा. ऑक नावाच्या आज्ञेला सांगायचं, तिसरा रकाना तेवढा काढ. मग एक उभी रेघ, ती पाइप. आणि पाइपच्या पलीकडे: जीएसएल-हिस्टोग्राम, ०, ४००, ८. एंटर मारायचा. शून्य ते चारशे मिलीमीटर, पन्नास-पन्नासचे आठ वर्ग, आणि प्रत्येक वर्गात किती दिवस, ते समोर येतं.”

“चित्र?”

“चित्र नाही. तीनच रकाने. वर्गाची खालची सीमा, वरची सीमा, वारंवारता. चित्र हवं असेल तर हेच आकडे ग्नूप्लॉटला द्यायचे.”

जीएसएल म्हणजे ग्नू सायंटिफिक लायब्ररी. अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेतल्या मार्क गलासी आणि जेम्स थायलर यांनी १९९६ साली हा प्रकल्प मनात घेतला. वैज्ञानिक आकडेमोडीचा हा मोठा संच कुणालाही फुकट वापरता येतो, उघडून पाहता येतो, बदलता येतो. त्याच्यासोबत ही छोटी आज्ञा येते. तिचा मूळ प्रोग्राम एका पानात मावतो. ती आकडे एकामागून एक वाचते, ज्याच्या त्याच्या वर्गात टाकते आणि संपले की मोजणी छापते. एक काम नीट करणारी छोटी अवजारं पाइपने एकमेकांना जोडायची, ही रीत युनिक्समध्ये १९७३ पासूनची. डग मॅकिलरॉय यांनी ती कल्पना धरून लावली आणि केन थॉम्प्सन यांनी ती प्रत्यक्षात आणली. पन्नास वर्षं उलटली तरी रोज माझं पोट त्याच रीतीवर चालतं. तिच्याबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि तो मी लपवत नाही.

आत्याने मात्र भलत्याच ठिकाणी बोट ठेवलं.

“हे चारशे कुणी ठरवलं?”

“मी.”

“का?”

“म्हणूनच तर मला ही आज्ञा आवडते. ती विचारते. एक्सेलमध्ये हिस्टोग्राम टाकलास तर वर्ग किती आणि केवढे ते तो स्वतःच ठरवतो, आणि कशावरून ठरवले ते बघायला कुणी जात नाही. इथे सीमा सांगितल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. आणि सांगितलेलं त्या ओळीत राहतं. वर्षभराने कुणी विचारलं तर ओळ दाखवायची, बस.”

“ते चांगलं आहे,” ती म्हणाली. “पण मी विचारलं ते वेगळं. चारशेच्या वरचा दिवस आला तर तुझी आज्ञा त्याचं काय करते?”

तिला ते प्रत्यक्ष दाखवणं सोपं होतं. मी मुद्दाम सहाच आकड्यांची फाइल केली. सांताक्रूझचे सगळ्यांच्या लक्षात राहिलेले दिवस: जुलै २००५ चा ९४४.२, जून २०१५ चा २८३.४, ऑगस्ट २०१७ चा ३३१.४, त्याच वर्षीच्या सप्टेंबरचा ३०३.७, जुलै २०१९ चा ३७५.२ आणि सप्टेंबर २०२० चा २८६.४. मर्यादा दिल्या २०० आणि ४००, वर्ग चार. चार ओळी उमटल्या. २०० ते २५०, शून्य. २५० ते ३००, दोन. ३०० ते ३५०, दोन. ३५० ते ४००, एक.

आत्याने बोटांवर बेरीज केली. “पाच.”

“हो.”

“दिले किती?”

“सहा.”

“आणि याने चकार शब्द काढला नाही?”

काढला नाही. सूचना आली नाही की चूक आली नाही. संच लिहिणाऱ्यांनी हे विसरून केलेलं नाही, त्यांच्या माहितीपुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलं आहे. पुष्कळदा मोठ्या माहितीतला एक छोटा पट्टाच बघायचा असतो, तेव्हा पट्ट्याबाहेरचे आकडे सोडून द्यायचे आणि त्यावरून आरडाओरडा करायचा नाही, असं त्यांनी समजून ठरवलं आहे. एखादा भौतिकशास्त्रज्ञ वर्णपटातली एक रेषा बघतो तेव्हा त्याला हेच हवं असतं. त्याच पुस्तिकेतल्या उदाहरणात कोशी वितरणातले दहा हजार यादृच्छिक आकडे घेऊन उणे शंभर ते शंभर एवढाच पट्टा दोनशे वर्गांत मोजला आहे. कोशीच्या शेपट्या लांबवर जातात, त्यामुळे तिथेही पुष्कळ आकडे बाहेर राहतात. उदाहरणाला त्याने बाधा येत नाही.

“त्यांचं चालेल,” आत्या म्हणाली. “त्यांची वर्णपटातली रेषा कुणाच्या घरात शिरत नाही. मुंबईच्या पावसात जो आकडा बाहेर राहतो तोच माणसं मारतो. तुझ्या आज्ञेने नेमका तो दिवस गाळला, आणि उरलेलं पान इतकं नीटनेटकं दिसतंय की कुणाला शंकाही येऊ नये.”

“मर्यादा हजार दिली की येईल ना तो.”

“तुला २००५ ठाऊक आहे म्हणून तू हजार देशील. ज्याला ठाऊक नाही तो?”

यावर माझं उत्तर तयार होतं आणि आजही तेच आहे. आधी ओळी मोजायच्या, मग वारंवारतांची बेरीज करायची, दोन्ही जुळल्या तर पुढे जायचं. त्यालाही एक ओळ पुरते. मोजणारा वेगळा, ताळा घेणारा वेगळा. हिस्टोग्रामची आज्ञा मध्येच बडबडायला लागली तर तिचे तीन रकाने पुढच्या आज्ञेला वाचताच येणार नाहीत, मग पाइप कशाला जोडायची? तिच्या गप्प राहण्याने पुढच्या आज्ञेचं काम सोपं होतं.

आत्याला हे पटत नाही. दहावीच्या पोरांकडून वारंवारता सारणी करून घेताना तिचा नियम असतो: शेवटच्या ओळीत एकूण लिहिलंच पाहिजे, आणि ते दिलेल्या संख्येशी जुळलंच पाहिजे. न जुळलं तर गुण नाहीत. “पोराला मी जे माफ करत नाही ते अवजाराला का करू?” असं ती म्हणाली. मला वाटतं, तिचा हा आग्रह प्रत्येक आज्ञा लिहिणाऱ्याने एकदा ऐकायला हवा. किती आकडे पट्ट्याबाहेर गेले ते मुख्य रकान्यांत नको, पण बाजूला चुकांच्या वाटेने छापता आलं असतं. युनिक्समध्ये उत्तराची वाट आणि चुकांची वाट वेगळ्या असतात, त्या याचसाठी.

तिने आणखी एक खोच काढली. तिच्या वहीत एका दिवसापुढे आकडा नव्हता, बहुधा पेपर आला नसावा. दुसऱ्या एका दिवसापुढे तिने ‘नगण्य’ असं लिहून ठेवलं होतं.

“याचं काय होतं?”

रिकाम्या जागेचं काहीच होत नाही, ओळ नुसती ओलांडली जाते. ‘नगण्य’चं मात्र वाईट होतं. ही आज्ञा आकडा मिळतोय तोवर वाचते. जिथे आकड्याऐवजी अक्षर आलं तिथे तिच्या लेखी माहिती संपली. म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात ‘नगण्य’ असेल तर आयतालेख त्या आठवड्याचाच निघेल, आणि दिसायला पूर्ण दिसेल. म्हणून आधी चाळणी लावावी लागते, आकडे नसलेल्या ओळी बाजूला काढून बघाव्या लागतात. मी हे रोज करतो, पण करावं लागतं हे सांगणारं त्या आज्ञेत काही नाही.

“हाताने केलं असतं तर ‘नगण्य’पाशी मी थांबले असते,” आत्या म्हणाली. “ताळ्याच्या खुणा करताना प्रत्येक आकडा डोळ्यांखालून जातो. चार उभ्या, पाचवी आडवी. ९४४ आला की पेन थांबतं. कोसंबींनी नाणी अशीच तोलली होती.”

दामोदर धर्मानंद कोसंबी हे तिचं दैवत. जन्म १९०७, गोव्यातलं कोसबें. गणिती माणूस, पुण्याहून डेक्कन क्वीनने मुंबईला टाटा इन्स्टिट्यूटमध्ये ये-जा करायचा. प्राचीन आहत नाणी त्यांनी हजारोंच्या संख्येत स्वतः तोलली. नाणं चलनात जितकं फिरतं तितकं ते झिजतं, त्यामुळे सरासरी वजन उतरतं आणि वजनांचा पसारा वाढतो. या साध्या निरीक्षणावरून तक्षशिलेच्या साठ्यांतली कुठली नाणी आधीची आणि कुठली नंतरची, हे त्यांनी संख्याशास्त्राने लावून दाखवलं. नाण्याच्या मागच्या बाजूला जितके ठसे जास्त तितकं सरासरी वजन कमी, हेही त्यातूनच दिसलं. इतिहासकार चिन्हं बघत होते, या माणसाने तराजू घेतला. आणि आपला हिशेब खरा आहे का हे तपासायला त्यांनी स्वतःच्या काळातली चलनातली नाणीसुद्धा तोलली.

“बरोबर,” मी म्हणालो, “पण नाणी तोलणं आणि वजनांची मांडणी करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आत्या. तोलताना नाणं हातात हवंच. मांडणी मात्र त्यांना पुन्हा पुन्हा करावी लागली असणार. वर्ग बदलून बघायचा तर सगळ्या खुणा पहिल्यापासून. माणूस थकतो आणि पहिलीच मांडणी खरी मानून मोकळा होतो. हाताने करणाऱ्याला दुसरा आयतालेख काढायचा कंटाळा येतो, हा हाताचा दोष नाही का?”

ती क्षणभर काही बोलली नाही. मग म्हणाली, “दाखव, किती बदलतो ते.”

इथे मला माझी बाजू मांडायला मिळाली. त्याच सहा आकड्यांना मर्यादा दिल्या २०० ते १०००. वर्ग चार: पहिल्यात पाच, मधले दोन रिकामे, शेवटच्यात एक. वर्ग सोळा केले: पहिला वर्ग कोरा, पुढच्या तीन वर्गांत पाच दिवस, मग दहा वर्ग कोरे, मग ९०० ते ९५० मध्ये एकटा उभा. संख्या द्यायची टाळली तर ही आज्ञा एकेका मिलीमीटरचा वर्ग करते, म्हणजे आठशे ओळी आणि बहुतेक ठिकाणी शून्य. मिनिटभरात तीन मांडण्या समोर होत्या. मधल्या मांडणीतली ती दहा वर्गांची पोकळी आत्याने बोटाने मोजली. या सहा दिवसांची सरासरी ४२०.७ येते. तेवढा पाऊस या सहांपैकी एकाही दिवशी पडलेला नाही, त्याच्या आसपासही नाही. ९४४.२ वगळला की सरासरी ३१६ वर उतरते. एक आकडा सरासरीला शंभराहून अधिक मिलीमीटर वर ओढतो, आणि आयतालेखात मात्र तो आपल्या जागी उघडा पडतो.

“सरासरीवर माझा कधीच विश्वास नव्हता,” आत्या म्हणाली. “सांताक्रूझला चार महिन्यांत साधारण २२०० मिलीमीटर. दिवस १२२. भागिले केलंस तर रोजचे १८. अठरा मिलीमीटरने अंधेरी सबवे तुंबतो का?”

“नाही.”

“मग जो दिवस तुंबवतो तो सरासरीत नसतो. पण वर्ग किती घ्यायचे याला नियम असेल ना तुमच्याकडे? आमच्या पुस्तकात वर्ग दिलेलेच असतात.”

नियम आहेत. हर्बर्ट स्टर्जेस यांचा १९२६ चा सर्वांत जुना आणि अजून सगळीकडे वापरला जाणारा. आकड्यांच्या संख्येचा दोनच्या पायाचा लॉगरिदम काढायचा आणि एक मिळवायचा. १२२ दिवसांना उत्तर येतं आठ वर्ग. पण तो नियम घंटेच्या आकाराच्या माहितीसाठी आहे आणि मुंबईचा पाऊस तसा नाही. २००५ चा हंगाम शून्य ते साडेनऊशे असा आठ वर्गांत वाटला तर एकेक वर्ग जवळपास १२० मिलीमीटरचा होतो. रिमझिमीचा दिवस आणि शाळा सोडून द्याव्या लागतात तो दिवस, दोन्ही पहिल्याच आयतात.

“म्हणजे नियम बिनकामाचा,” आत्या.

“नियम सुरुवातीला ठीक आहे. पुढे माहिती ज्याची आहे त्याला विचारावं.”

“मग वेधशाळेला विचार.”

हा तिचा मुद्दा मला सर्वांत मोलाचा वाटला. हवामान खात्याचे स्वतःचे वर्ग आहेत आणि ते एकसारख्या रुंदीचे नाहीत. २.५ मिलीमीटरपासून पावसाचा दिवस धरायचा. १५.५ पर्यंत हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ जोरदार, ११५.६ ते २०४.४ अतिजोरदार, आणि त्यावर अत्यंत जोरदार, ज्याला वरची सीमाच नाही. म्हणजे जगातल्या कुठल्याही ढगफुटीला तिथे जागा आहे, कुणी बाहेर राहत नाही. आत्याने लगेच ओळखलं की ही समावेशक पद्धत झाली, वर्गांच्या मध्ये एक दशांशाची फट आहे. पर्जन्यमापकाचं वाचनच एका दशांशापर्यंत होतं म्हणून त्या फटीत कुणी पडत नाही. माझी आज्ञा असमावेशक चालते: खालची सीमा आत, वरची बाहेर. ५० बरोबर आला तर ५० ते १०० मध्ये. दहावीच्या पुस्तकात असमावेशक वर्गांचं तेच आहे, त्यामुळे तिथे आमचं एकमत झालं.

पण ही आज्ञा सारख्या रुंदीचेच वर्ग करते. खात्याचे वर्ग हवे असतील तर ऑकमध्ये चार-पाच अटी लिहाव्या लागतात, किंवा संचातलं दुसरं फंक्शन वापरून छोटा प्रोग्राम लिहावा लागतो. आणि रुंदी असमान झाली की नुसती वारंवारता उंचीला लावून चालत नाही, आयताचं क्षेत्रफळ वारंवारतेच्या प्रमाणात हवं. कार्ल पिअर्सन यांनी १८९० च्या दशकात हिस्टोग्राम हे नाव रूढ केलं तेव्हापासून हा पाया आहे. पेपरांतले स्तंभ बघताना तो बहुतेक वेळा पाळलेला दिसत नाही. शेवटच्या, वर उघड्या वर्गाला तर रुंदीच नाही, त्याचं क्षेत्रफळ काढणार कसं? आत्या तिथे आयत काढतच नाही. त्या वर्गातले दिवस ती तारखांसकट बाजूला लिहिते. मला हे यंत्राने करून घ्यायचं आहे आणि करताही येईल. पण कल्पना तिची.

इथवर आम्ही दिवसाच्या आकड्यांवर भांडत होतो. खरी गोष्ट पुढे निघाली, आणि ती मी काढली.

“आत्या, ९४४ ला २४ ने भाग.”

“३९ आणि थोडं.”

“मुंबईच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या तासाला २५ मिलीमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. तेही ओहोटी असताना, आणि अर्धं पाणी जमिनीत मुरेल असं धरून. १९८५ च्या पुरानंतर अभ्यास झाला, १९९३ मध्ये पर्जन्यवाहिन्यांवरचा ब्रिमस्टोवॅड अहवाल आला, त्यात क्षमता ५० करायला सांगितली. आता तू हिशेब कर. दिवसाचा आकडा २४ तासांत सारखा वाटला तर तासाला ३९. पन्नासच्या वाहिन्यांनी २६ जुलैचा पाऊस वाहून नेला असता.”

“पण तसं नव्हतं ते. सकाळी काहीच नव्हतं. दुपारी अडीचनंतर अंधारून आलं.”

“तेच. त्यानंतरच्या काही तासांत पाऊस तासाला शंभर मिलीमीटरच्याही पुढे गेला. तुझ्या वहीतला रकानाच चुकीचा आहे. वर्ग कितीही विचारपूर्वक पाड, दिवसाच्या रकान्यात हे दिसणारच नाही. शिवाय खात्याचा दिवस सकाळी साडेआठ ते साडेआठ. पहाटे सहाला सुरू होऊन दुपारी बाराला थांबलेला पाऊस दोन दिवसांत फाटतो, दोन्हीकडे मध्यम म्हणून नोंदला जाऊ शकतो.”

तिने वही मिटली नाही. म्हणाली, “तासांचे आकडे पेपरात येत नाहीत.”

येत नाहीत, पण असतात. २००५ नंतर महापालिकेने आयआयटी मुंबईच्या सहकार्याने शहरभर स्वयंचलित पर्जन्यमापक बसवले, बरेचसे अग्निशमन केंद्रांच्या गच्च्यांवर. ते दर १५ मिनिटांनी आकडा देतात. एका केंद्राच्या एका पावसाळ्याचे ११,७१२ आकडे होतात. एवढ्यांच्या ताळ्याच्या खुणा हाताने करून कुणी दाखवाव्यात. आणि मुलुंडचा पाऊस मुलुंडला मोजला गेला की सांताक्रूझच्या आकड्यावर सगळी उपनगरं तोलायची गरज उरत नाही. बोरिवलीला राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरावरचं पाणी दहिसर आणि पोईसर नद्यांतून उतरतं, घाटकोपरला टेकड्यांच्या उतारावर वस्ती आहे, अंधेरी सबवेला मोगरा नाला भरतो. त्या नाल्यावरचं पंपिंग स्टेशन वर्षानुवर्षं रखडलं. प्रत्येक ठिकाणाचा आयतालेख वेगळा असायला हवा. कमांड लाइनवर त्याला जास्तीचे कष्ट नाहीत. एका केंद्रासाठी लिहिलेली ओळ सगळ्या केंद्रांवर फिरवायची.

“वर्ग कुठे पाडशील?” आत्याने विचारलं. तिचा आवाज आता भांडणाचा नव्हता.

“तासाला दहा-दहाचे पाडीन म्हणतो.”

“नको. पंचवीसला सीमा घे आणि पन्नासला घे. पंचवीसच्या आत जुनी गटारं पुरतात. पंचवीस ते पन्नासमध्ये नवी पुरतात, जिथे झाली असतील तिथे. पन्नासच्या पुढे काहीच पुरत नाही. तीन वर्ग बास. अंधेरीच्या नगरसेवकाला दाखवायचे असतील तर यापेक्षा जास्त आयत नकोत.”

दहा-दहाचं सोडून मी पंचवीस-पंचवीसच्या आठ वर्गांवर यायला तयार होतो. तीन वर्गांत पन्नास ते दोनशेपर्यंतचं सगळं एकत्र गोळा होतं आणि वरच्या टोकाला काय चाललंय ते दिसत नाही. हवामान बदलाच्या काळात ते टोकच तर बघायचं आहे. ती म्हणते, अभ्यासाचा आयतालेख आणि निर्णयाचा आयतालेख वेगळे काढ. मी म्हणतो, एकच काढावा आणि त्याच्यावर पंचवीस आणि पन्नासच्या रेघा मारून द्याव्यात. यावर आमचं जुळलेलं नाही.

“आणि भरती?” तिने विचारलं. “ओहोटी असताना म्हणालास ना?”

समुद्राला मिळणाऱ्या नाल्यांची बहुतेक तोंडं मोठ्या भरतीच्या पातळीच्या खाली आहेत. तेव्हा पाणी बाहेर जात नाही, पन्नासची वाहिनीही तुंबून बसते. म्हणजे पावसाच्या एका रकान्याचा आयतालेख कितीही चांगला केला तरी पूर कळत नाही. दोन रकाने एकत्र लागतात. जीएसएलच्या संचात दोन रकान्यांच्या हिस्टोग्रामची सोय आहे, पण या आज्ञेत नाही. मी सुचवलं की चाळणी लावू: ज्या तासांत भरती साडेचार मीटरच्या वर होती त्या तासांचा पाऊस एका आयतालेखात, बाकीचा दुसऱ्यात. पावसाळ्याआधी महापालिका साडेचार मीटरच्या वरच्या भरतीच्या तारखा जाहीर करते, म्हणून मी तो आकडा घेतला.

“२६ जुलैला भरती किती होती?”

“४.४८ मीटर. दुपारी.”

“म्हणजे दोन सेंटिमीटरने तो दिवस तू दुसऱ्या ढिगात टाकलास.”

साडेचारच्या जागी चार घ्यावा असं मी म्हणालो. तिला तेही मान्य नाही. तिच्या मते सीमा भरतीच्या तक्त्यातून घ्यायचीच नाही, प्रत्येक नाल्याचं तोंड किती उंचीवर आहे त्यावरून घ्यायची. इर्ल्याला पंपिंग स्टेशन आहे, तिथे भरतीतही पाणी उपसून टाकता येतं, त्यामुळे तिथली सीमा वेगळी. मोगऱ्याची वेगळी. मग नाल्यागणिक एक ओळ लिहावी लागेल, आणि तोंडांच्या उंचीचा रकाना पालिकेच्या पर्जन्यजल खात्याकडून मागावा लागेल. तो अर्ज आत्या लिहिणार आहे, तिचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं. मुलुंड-घाटकोपरच्या नाल्यांसाठी तिने त्यात एक ओळ वाढवली आहे: हे नाले ठाण्याच्या खाडीला मिळतात, तेव्हा तक्त्यातले अपोलो बंदरच्या भरतीचे आकडे इथे चालणार नाहीत, खाडीतले वेगळे द्यावेत.